सुरुवात कचऱ्याच्या डब्यापासून करा: ख्रिस्ती घरासाठी आणि मंडळीसाठी पर्यावरणाची रोजची कामं

पर्यावरणासाठी काहीतरी करायचं ठरलं की सगळे आधी झाडं लावायला धावतात. आम्हीही तेच केलं. पंचवीस रोपं आणली, पास्टरांनी प्रार्थना केली, फोटो झाले, टाळ्या झाल्या, आणि तीन महिन्यांनी जाऊन बघतो तर चारच जिवंत, कारण पाणी कोण घालणार हे कुणीच ठरवलं नव्हतं. म्हणून या लेखात झाड सगळ्यात शेवटी येणारे. ज्यांना नव्याने सुरुवात करायचीये, घरात किंवा मंडळीत, आणि नेमकं काय धरावं ते कळत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी कुणी तज्ज्ञ नाही, फक्त चुका बऱ्याच करून झाल्यात.

कामाआधी थोडं वचन

वचन टाळून थेट कामाला लागलात तर दोन महिन्यांत उत्साह संपतो, हा माझा अनुभव. कारण मग ते "शाळेतला प्रोजेक्ट" वाटायला लागतं.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला पृथ्वीवर सत्ता चालवायला सांगितलंय, ते आपल्याला पाठ असतं. पण लगेच पुढच्या अध्यायात, २:१५ मध्ये, देव त्याच माणसाला एदेन बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करायला. "राखण"साठी तिथे मूळ हिब्रू शब्द आहे शामार. आता गंमत बघा, हाच शब्द गणना ६:२४ च्या आशीर्वादात येतो, परमेश्वर तुझं रक्षण करो, जो आपण उपासना संपताना ऐकतो. आणि काइन जेव्हा उलट विचारतो की मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे का, तिथेही हाच. म्हणजे देव आपल्याला जसं सांभाळतो तसं आपण बाग सांभाळायची, आणि "माझा काय संबंध" म्हणणारा पहिला माणूस कोण होता ते लक्षात ठेवायचं.

लेवीय २५ तर अजून सरळ बोलतं. जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे पाहुणे म्हणून राहताय, असं देव म्हणतो, आणि दर सातव्या वर्षी जमिनीला सुद्धा विश्रांती द्यायला लावतो. आपण मालक नाही, कारभारी आहोत. कारभाऱ्याला कधीतरी हिशोब द्यावा लागतो, एवढं डोक्यात असलं की पुढचं सोपं जातं.

पायरी १: एक आठवडा फक्त डबा बघा

काही बदलू नका. काही विकत आणू नका (बांबूचा ब्रश, कापडी पिशव्यांचा सेट वगैरे अजिबात नको, घरात पिशव्या आधीच पंधरा असतील). फक्त एक कागद कचऱ्याच्या डब्याच्या वर चिकटवा आणि जे टाकाल ते लिहा. घरातल्या सगळ्यांनी लिहायचं, मुलांनी पण.

हे कशावरून सुचलं सांगतो. योहान ६ मध्ये पाच हजार लोक जेवतात, आणि जेवण झाल्यावर येशू शिष्यांना सांगतो की उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जायला नको. बारा टोपल्या भरतात. आपण चमत्कारावर प्रवचन ऐकतो आणि टोपल्या तशाच सोडून पुढे जातो. पण विचार करा ना, ज्याने पाच भाकरींमधून हजारोंना जेवू घातलं त्याला उरल्यासुरल्या तुकड्यांची काय गरज, हवं तर परत करता आलं असतं, तरी त्याने गोळा करायला लावले.

आमच्या कागदावर आठवड्याभरात सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द प्लास्टिक असेल असं मला वाटलं होतं. तो नव्हता. "शिळं" होता. तेव्हा जरा शरम वाटली, कारण जेवणाआधीची प्रार्थना आम्ही रोज करतो.

पायरी २: अन्न

या पायरीवर वेळ घाला, बाकी कुठे कमी घातला तरी चालेल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात साधारण १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता. हॉटेलं आणि दुकानं नंतर, आधी आपली स्वयंपाकघरं. हे अन्न कचराडेपोत दाबलं गेलं की हवा न मिळता कुजतं आणि मिथेन वायू तयार होतो, जो वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट उष्णता धरून ठेवतो. शिवाय ते पिकवायला लागलेलं पाणी, खत, डिझेल, कुणाची तरी मेहनत, सगळं त्याच डब्यात.

करायचं काय तर, फ्रीजमध्ये समोरचा एक कप्पा "आधी हे" म्हणून ठेवा, जे लवकर संपवायला हवं ते सगळं तिथे, मागे लपलेलं काही आठवत नाही माणसाला. आठवड्यातून एक जेवण त्या कप्प्यातूनच बनवायचं. बाजारात जायच्या आधी फ्रीजचा फोटो काढा, यादी विसरते पण फोन विसरत नाही. पाकिटावरची तारीख नीट वाचा, "या तारखेपर्यंत उत्तम" आणि "या तारखेपर्यंतच वापरा" यात फरक आहे, पहिली चवीची गोष्ट असते, दुसरी तब्येतीची. पहिली उलटली म्हणून डोळे झाकून फेकू नका, दुसरी उलटली तर मात्र शहाणपणा करू नका.

मग जे खरंच खाता येत नाही, सालं, देठं, त्याचं खत. लोक इथे घाबरतात, वास येईल, किडे होतील म्हणून. नीट केलं तर वास येत नाही. झाकणाचा एक डबा घ्या, बाजूला आणि तळाला भोकं पाडा, खाली सुक्या पानांचा किंवा फाडलेल्या पुठ्ठ्याचा जाड थर द्या. ओला कचरा एक वाटी टाकला की त्यावर सुकं दोन-तीन वाट्या टाकायचं, प्रत्येक वेळी, आळस न करता. आठवड्यातून एकदा काठीने वर-खाली करायचं म्हणजे हवा जाते. हातात मूठभर घेऊन दाबा, पिळलेल्या स्पंजइतकं ओलसर लागलं पाहिजे, पाणी गळता कामा नये. वास यायला लागला म्हणजे ओलं जास्त झालं, सुकं टाका. काहीच होत नसेल, नुसतं पडून असेल, तर फार कोरडं आहे, थोडं पाणी शिंपडा. मांस, हाडं, दुधाचे पदार्थ, तेलकट उष्टं सुरुवातीला टाकूच नका, उंदरांना बोलावणं होईल. दोन ते सहा महिने लागतात, हवामानावर आहे. तयार झालं की कळतंच, काळं भुसभुशीत दिसतं आणि पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास येतो.

आमचा पहिला डबा आम्ही बिघडवला. ओलंच टाकत गेलो. झाकण उघडलं की घरातले नाक धरून पळायचे. फेकून न देता त्यात जुन्या वह्यांची पानं फाडून टाकली, तीन आठवड्यांत सुधारला.

पायरी ३: पाणी आणि वीज

हे सगळ्यांना माहितीये, पटकन उरकतो. गळता नळ असेल तर त्याच्याखाली रात्रभर भांडं ठेवा आणि सकाळी मोजा, मग कुणाला समजवायची गरज पडत नाही. जुने पिवळे बल्ब उरले असतील तर एलईडी लावा, तेवढ्याच उजेडाला पाऊण वीज वाचते. वॉशिंग मशीन भरल्यावरच आणि शक्यतो गार पाण्यावर, सिंथेटिक कपड्यांतून धुताना बारीक प्लास्टिकचे धागे सुटतात आणि नाल्यातून पुढे जातात, तर कमी वेळा धुतलेलं सगळ्याच बाजूंनी बरं. चालत जाता येईल तिथे चालत जा.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पर्यावरणावर जे परिपत्रक काढलं, लाउदातो सी, त्याच्या २११ व्या परिच्छेदात अगदी हीच कामं आहेत, प्लास्टिक-कागद कमी वापरणं, पाणी जपून वापरणं, कचरा वेगळा करणं, खाता येईल तेवढंच शिजवणं, नको असलेला दिवा बंद करणं. मी कॅथलिक नाही, तरी वाचलं तेव्हा बरं वाटलं, की एवढ्या मोठ्या धर्मगुरूला दिव्याचं बटण क्षुल्लक वाटलं नाही.

पायरी ४: विकत घेण्याआधी थांबा

लूक १२ मधला तो श्रीमंत शेतकरी आठवतो ना, पीक जास्त आलं म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेला. आपली कोठारं म्हणजे कपाटं. एक साधा नियम, जेवणखाण आणि औषध सोडून काहीही घ्यायचं असेल तर तारखेसकट वहीत लिहायचं आणि तीस दिवस थांबायचं. तीस दिवसांनी अर्ध्या गोष्टी आपल्याला आठवत पण नाहीत.

आणि मंडळी असणं हा इथे मोठा फायदा आहे, जो आपण वापरतच नाही. ड्रिल मशीन, शिडी, मोठी भांडी, बाळाची गाडी, प्रवासाची मोठी बॅग, या वस्तू प्रत्येक घरात असायची काय गरज? प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पहिल्या मंडळीचं सगळं सामाईक होतं असं आपण अभिमानाने वाचतो. निदान शिडी तरी सामाईक करूया. मंडळीच्या ग्रुपवर "कुणाकडे आहे का" विचारायची सवय लागली की हळूहळू चालू होतं, फक्त घेतलेली वस्तू पुसून, वेळेत परत द्यायची, नाहीतर पर्यावरण बाजूला राहतं आणि भांडणं मिटवायला पास्टरांना बसावं लागतं.

पायरी ५: मंडळीत

घरात दोन-तीन महिने जमल्यावर इकडे या. आधी नको. कारण मंडळीत कुणीतरी पहिलाच प्रश्न विचारणार, तुम्ही स्वतः काय करता?

आमच्याकडे सुरुवात प्रभुभोजनाच्या कपांपासून झाली. छोटे प्लास्टिकचे कप, एकदा वापरून फेकायचे. एका रविवारी उपासनेनंतर मी ती पिशवी उचलली आणि सहज मोजले, ९०. महिन्यातून एकदा प्रभुभोजन म्हटलं तरी वर्षाचे १,०८०. आणि हे कप इतके लहान असतात की रिसायकलिंगला दिले तरी वर्गीकरणाच्या मशीनमधून निसटून कचऱ्यातच जातात. ज्या प्रभूने तुकडे गोळा करायला सांगितले त्याच्या मेजावरून दर महिन्याला ९० कप डब्यात, हे काही मनाला पटेना. (एकाच प्याल्यातून घेणाऱ्या मंडळ्यांना हा प्रश्नच नाही, त्यांचं बरंय.)

मी कमिटीत उठून जोरदार भाषण केलं. सपशेल आपटलं. कपाट कुठंय, धुणार कोण, जंतूंचं काय, प्रश्नावर प्रश्न, आणि मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. चार महिन्यांनी परत गेलो तेव्हा भाषण नव्हतं, एक कागद होता, स्टीलचे शंभर कप आणि ते ठेवायच्या थाळ्या केवढ्याला पडतात, प्लास्टिकवर वर्षाला किती जातात, आणि सहा जणांची नावं, जे पाळीपाळीने गरम पाण्यात साबणाने धुणार. दहा मिनिटांत मंजूर. तर नवीन लोकांना माझा सल्ला, कमिटीपुढे प्रश्न घेऊन जाऊ नका, धुणाऱ्यांची नावं घेऊन जा. आणि एका वेळी एकच गोष्ट मागा.

त्यानंतर कुठे बघायचं ते सांगतो.

वेदीवरची फुलं. फुलं खोचायचा तो हिरवा ओलसर ठोकळा, फ्लोरल फोम, बोटाने दाबला की चुरा होतो, तो प्लास्टिकच असतो. चुरा सिंकमधून वाहून जातो आणि कुजत नाही. त्याऐवजी तारेची जाळी चुरगाळून फुलदाणीत घाला किंवा खिळ्यांची जड चकती मिळते ती तळाला ठेवा, दोन्ही वर्षानुवर्षं टिकतात. कुंडीतली जिवंत रोपं ठेवली तर अजून छान, उपासनेनंतर आजारी माणसाच्या घरी नेऊन देता येतात.

उपासनेनंतरच्या चहा-कॉफीचे कप: प्रत्येकाने आपला मग आणायचा, आणि विसरणाऱ्यांसाठी दहा-बारा जास्तीचे ठेवायचे. विसरणारे कायम तेच असतात, असो.

दिवे. रात्रभर इमारतीवर झोत मारणारे दिवे असतील तर ते ठराविक वेळेनंतर बंद करा. वीज तर वाचतेच, पण पतंग, वटवाघळं, रात्री प्रवास करणारे पक्षी या सगळ्यांना त्या उजेडाचा त्रास होतो. छप्पर मोठं असेल तर सोलरचा विचार करा, व्हॅटिकनने २००८ मध्येच पोपच्या मोठ्या सभागृहाच्या छतावर दोन हजारांहून जास्त पॅनल बसवले. पण आधी गळती थांबवा, म्हणजे रिकाम्या हॉलमधले पंखे आणि एसी, मग पॅनल.

येणं-जाणं. एकाच रस्त्याने चार गाड्या, प्रत्येकीत एक माणूस, असं असेल तर जोड्या लावा. आणि ज्या आजी-आजोबांना कुणी आणत नाही म्हणून येता येत नाही, त्यांना त्याच गाडीत जागा द्या. खरं सांगू, आमच्याकडे पेट्रोलच्या बचतीचं नाव काढलं तर कुणी तयार होईना, आजींचं नाव काढल्यावर लगेच तयार झाले.

पायरी ६: चर्चचं कॅलेंडर वापरा

वेगळे कार्यक्रम आखत बसू नका, आहेत त्यातच बसवा. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, आपण काहीतरी सोडतोच, तर एका वर्षी एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक सोडून बघा, चाळीस दिवसांत सवय बदलायला पुरेसा वेळ मिळतो. झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जपून ठेवून पुढच्या वर्षी जाळायच्या आणि तीच राख राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची ही बऱ्याच चर्चमधली जुनी रीत आहे, म्हणजे पुनर्वापर आपल्याकडे आधीपासून आहे. नाताळची सजावट चमकी आणि थर्मोकोल न वापरता करा, आणि जी केली ती खोक्यात नीट भरून वर वर्ष लिहून ठेवा, पुढच्या डिसेंबरला परत काढता येते.

आणि १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीचा काळ म्हणून जगभरात पाळला जातो. १९८९ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचे एक्युमेनिकल पॅट्रिआर्क, म्हणजे त्यांच्यातले पहिल्या मानाचे धर्मगुरू, दिमित्रिओस यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला, पुढे बाकीच्या चर्चेसनीही धरला, २०१५ मध्ये कॅथलिक चर्चने. ४ ऑक्टोबर म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. या पाच आठवड्यांत एखादं प्रवचन स्तोत्र १०४ वर मागा पास्टरांकडे, आणि संडे स्कूलची मुलं एक दिवस बाहेर काढा, आवारात किती प्रकारचे पक्षी-किडे दिसतात ते मोजायला. येशू म्हणाला ना की एकही चिमणी देवाला विसरलेली नाही. आपल्याला निदान तिचं नाव तरी माहिती असावं.

मध्येच हे प्रश्न येणारच

"जग नाहीतरी जळूनच जाणार, मग कशाला?" दुसरं पेत्र ३:१० दाखवतात. त्या ओळीच्या शेवटी बऱ्याच जुन्या हस्तलिखितांमध्ये पृथ्वी आणि तिच्यावरची कामं "जळून जातील" असं नाहीये, "उघडकीला येतील" अशा अर्थाचा शब्द आहे. म्हणजे हिशोबच. शिवाय आपलं शरीर पण मरणारच आहे, म्हणून आपण दात घासायचं सोडतो का?

"ही निसर्गपूजा झाली." नाही. चित्रकाराचा आदर करणारा त्याचं चित्र फाडत नाही, एवढंच.

"आधी माणसं, मग झाडं." इथे मी वाद घालत नाही, फक्त विचारतो की विहीर आटली की सगळ्यात आधी कुणाची आटते, पैसेवाल्याची की गरिबाची?

आणि एक सावधगिरी, पोस्टरवर मार्टिन ल्यूथरचं ते वाक्य टाकू नका, उद्या जग बुडणार असलं तरी मी आज सफरचंदाचं झाड लावेन वालं. त्याच्या लिखाणात ते कुठेच सापडत नाही, त्याचा सगळ्यात जुना लेखी पुरावा १९४४ चा आहे. आम्ही टाकलं होतं, मोठ्या अक्षरात.

शेवटची पायरी: आता झाड

इथिओपियाच्या उत्तर भागात विमानातून बघितलं तर सगळीकडे तपकिरी शेतं आणि मध्ये मध्ये हिरवे गोल ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी ऑर्थोडॉक्स चर्च असतं. आजूबाजूचं जंगल शेती आणि चराईत गेलं, पण चर्चभोवतीचं राखलं गेलं, कारण ती जागा पवित्र मानली जाते. तिथली बरीच स्थानिक झाडं आता फक्त या चर्चच्या जंगलांतच उरलीयेत. गुरं आत शिरू नयेत म्हणून काही ठिकाणी लोकांनी शेतातलेच दगड उचलून भोवती भिंती घातल्या. नवीन लावण्याआधी आहे ते राखणं, हे त्यांच्याकडून घ्यावं. तुमच्या आवारात किंवा कबरस्तानात जुनं झाड असेल तर पार्किंगसाठी ते तोडायचा ठराव आला की अनुवाद २०:१९ काढा, वेढा घातलेल्या शत्रूच्या शहराची सुद्धा फळझाडं तोडू नका असं तिथे लिहिलंय.

लावायचंच असेल तर तुमच्या भागातली मूळची जातच घ्या, दिसायला भारी परदेशी रोप नको, तिथल्या पाखरांना आणि किड्यांना त्याचा फारसा उपयोग नसतो. पावसाळ्याच्या किंवा थंडाव्याच्या तोंडावर लावा. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद पण तेवढाच खोल, खोड मातीत गाडू नका. बुंध्याभोवती वाळलेली पानं पसरा, पण खोडाला चिकटवू नका, कुजतं. आणि पहिली दोन-तीन वर्षं पाण्याची पाळी लावा, नावासकट, वारासकट, भिंतीवर. कोण गावाला गेलं तर बदली कोण तेही लिहा.

दुसऱ्या खेपेला आम्ही पंचवीस नाही, सहाच रोपं आणली, कारण पाण्याला सहाच जण कबूल झाले होते. फोटो काढला नाही. पाच छान वाढलीयेत, सहावं गवत कापायच्या मशीनखाली गेलं, त्याच्याभोवती कुंपण घालायचं माझ्याकडे होतं आणि मी "पुढच्या शनिवारी" म्हणत राहिलो.